बिनपत्र्याची मोटार

सर्व संबंधितांना, आणि संबंध नसताना नाक खुपसणाऱ्यांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कॉर्व्हेट नावाच्या अमेरिकन मोटारीविषयी अखिल आशिया खंडात सर्वांत जास्त माहिती असलेला इसम सत्तरच्या दशकात कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. ती मोटार त्याने एकदाही पाहिलेली नव्हती.

इसमाचं नाव दस्तगीर मिस्त्री. धंदा डेंटरचा. ठोकरलेल्या जीपा, चेपलेले ट्रक त्यांच्या दारात यायचे आणि सरळ होऊन जायचे. एका हाताने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडी मारायची आणि कान आवाजावर ठेवायचा. "पत्रा बोलतो वो मास्तर," ते सांगायचे. "चुकीचं ठोकलं की रडतो."

आता गंमत बघा. पत्र्याला पडणाऱ्या पोच्यावर ज्याची चूल पेटते, त्या माणसाने जीव कुणावर लावावा? तर जिच्या अंगावर पत्राच नाही अशा गाडीवर. कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची. काचेचे धागे आणि रसायन.

"मिस्त्री, असल्या गाड्या कोल्हापुरात आल्या तर तुम्ही खाणार काय?"

"उपाशी मरतो की! पर बघून मरतो."

याचं मूळ एका रद्दीच्या गठ्ठ्यात होतं. त्यातून निघालेलं एक अमेरिकन मासिक घेऊन ते माझ्याकडे आले. मी शाळेत इतिहास शिकवायचो. पण पेठेत मास्तर म्हणजे मास्तर, त्याला इंग्रजी आलंच पाहिजे. मी वाचून दाखवलं. जिथे अडलो तिथे आवाज चढवला. मिस्त्रींनी सगळं पाठ केलं, माझ्या थापांसकट.

मग काही सुटका राहिली नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी म्हणालं, "तीनशे पानं उठली," की मिस्त्री हातातला घास थांबवून म्हणणार, "तीनशे! पैल्या साली गाड्या बी तीनशेच काढल्या. समद्या पांढऱ्या. आत तांबडी गादी!" डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले, "दम लागतोय. पैल्या गाडीवाणी सहाच सिलिंडरवर चाललोय बगा. आठाचं इंजिन दोन वर्सांनी आलं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

एकदा त्यांच्या दाराची बाहेरची कडी निखळली. ती सहा महिने बसवली नाही. कारण काय, तर पहिल्या कॉर्व्हेटला बाहेरून हँडलच नव्हतं. आत हात घालून दार उघडायचं.

"अमेरिकेत न्हाय म्हणून आमच्यात बी न्हाय," त्यांच्या पत्नी अमीनाचाची सांगायच्या आणि खिडकीतून हात घालून स्वतःच्याच घराचं दार चोरासारखं उघडायच्या.

घरात ही दोघंच. लेकरू झालं नाही. जेवताना मिस्त्री बोलायचे आणि चाची वाढायच्या. भाकरीबरोबर "गिअर दोनच, आन् ते बी आपोआप पडायचे," भाताबरोबर "म्होरल्या सालच्या गाडीचे दिवे पापणीवाणी मिटायचे." या सगळ्यावर चाचींचं उत्तर एकच, "व्हय का?" बारा वर्षं, दोन्ही वेळा, "व्हय का?"

पेठेने मात्र त्यांना सोलून काढलं. समोरचा बंडा डेंटर रोज सकाळी ओरडायचा, "काय दस्तगीरचाचा, अमेरिकेसनं काय खबर? कागदाची गाडी भिजली न्हाय न्हवं?"

आणि एक दिवस गाडी आली. खरीखुरी. मुंबईच्या कुणा शेटजींनी सिनेमाच्या शूटिंगसाठी आणलेली, पांढरीशुभ्र, बसकी, मांजरीसारखी. रंकाळ्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाडीच्या धडकेने तिला पुढच्या चाकाच्या वर तडा गेला आणि डेंटर शोधत ती थेट बंडाच्या दारात थांबली. बंडाने हातोडी उचलली.

तेवढ्यात न्हाव्याकडून अर्धी दाढी तशीच ठेवून मिस्त्री धावत आले.

"थांब! हातोडी खाली टाक! पत्रा न्हाय त्यो!"

"मग काय पापड हाय?"

"पापडच समज. मारलास की चुरा!"

सगळी पेठ जमली. आता हसणं थांबलं होतं. बारा वर्षांची बडबड खरी की खोटी, याचा निकाल इथेच लागायचा होता. खोटी ठरली तर मिस्त्रींना पेठेत तोंड दाखवायला जागा नव्हती. आणि भाषांतर माझं होतं! घाम मला फुटला.

मिस्त्रींनी रेडिओवाल्याकडून भोंग्यातलं लोहचुंबक मागवलं, सगळ्यांना दाखवलं, बंडाच्या हातोडीला चिकटवून ओढून काढलं आणि गाडीच्या अंगावर टेकवून हात सोडला. चुंबक टणकन फरशीवर पडलं.

"आयला!" बंडा म्हणाला. मीही मनात तेच म्हणालो.

पुढचे तीन दिवस मिस्त्रींनी हातोडीला हात लावला नाही. उद्यमनगरात फौंड्रीचे साचे बनवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून रसायन आणलं, काचेचं कापड मिळवलं. थर दे, वाळव, घास, परत थर दे. पत्रा बोलायचा, हे मुकं होतं. म्हणून डोळे मिटून बोटांनी चाचपायचे. चौथ्या दिवशी रंग झाला आणि तडा कुठे होता ते शेटजींनाही सापडेना.

शेटजी खूश. "चलो मिस्त्री, एक चक्कर मारके आते हैं!"

गाडीला जागा दोनच. मिस्त्रींनी साबणाने हात धुतले, पुसले, घरात गेले आणि चाचींना हाताला धरून बाहेर घेऊन आले.

"मी न्हाय गं बाई!"

"बस गप. पदर आत घे."

गाडी अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. चाची बसल्या उजवीकडे, आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. शेटजी मूळचे बुटके, गाडी बसकी. पलीकडे ते दिसेचनात. गाडी तालमीसमोरून गेली आणि लाल मातीने माखलेला एक पैलवान बोंबलत बाहेर आला, "आरं, चाची मोटार हाकतीया! सोताच हाकतीया!" दूधवाल्याने सायकल गटारात घातली.

मिस्त्री रस्त्यात उभे. टाचा उंचावून गाडी गेली त्या बाजूला बघत होते.

"तुम्ही का नाही बसलात?" मी विचारलं.

"पेठ हसली त्याचं काय न्हाय, मास्तर," ते हळूच म्हणाले. "पर घरात ऐकाय ती एकटीच. आजवर कधी हसली न्हाय, कधी गप बी म्हणली न्हाय. तिला तरी खरं वाटाय पायजे, का नगो?"

दहा मिनिटांनी गाडी परत आली. मिस्त्रींनी दार उघडलं. पेठ वाकून ऐकायला लागली. पदर सावरत चाची उतरल्या आणि सगळ्यांच्या देखत नवऱ्यावरच कडाडल्या, "गाडी ब्येस हाय वो, पर त्यो बाबा समद्या वाटंनं येक शबुद बोलला न्हाय! तुमी न्हवतासा तर काय बघायचं आन् कुठं बघायचं, मला काय सुदिक कळंना!"