परबकाकांचे वाटे

कोणताही प्राणी दृष्टीस पडला की आमचे परबकाका प्रथम तो कसा शिजवावा ते सांगतात. बदामाच्या झाडावर खार धावली आणि खाली मुले टाळ्या पिटू लागली, की काका पायरीवरून मान वर करून म्हणणार, "चानी! एका माणसाचा जेवाण. पण रस्सो असो, की बोटां चाटशात."

मुले किंचाळत पळतात. काका समाधानाने पुन्हा तंबाखू मळू लागतात.

चारकोपच्या बैठ्या घरांच्या आमच्या सोसायटीत हे गृहस्थ पत्नी निवर्तल्यापासून भाड्याच्या खोलीत एकटेच राहतात. मूळचे सावंतवाडीकडचे. मूलबाळ नाही, गावचे घर पडलेले. हयात एका कारखान्याच्या दारावर रखवाली करण्यात गेली. मी त्यांचा शेजारी. सरकारी कचेरीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय असल्याने ते मला "वकीलानू" म्हणतात. मी वकील नाही. तथापि वडीलधाऱ्या माणसाला वारंवार दुरुस्त करणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्राणिमात्रांविषयी काकांची मते ठाम आहेत. घोरपड कंबरदुखीवर उत्तम. साळिंदर डुकरापेक्षा गोड. ससा म्हणजे "गरीब मटण, मसालो सांगता तसा ऐकता." कबुतराबद्दल मात्र त्यांना मनस्वी तिरस्कार. "ह्यो भिकारी! फुकटचे दाणे खावन पोचट झालेलो. पाखरू म्हणजे रानातलो कवडो!" एकदा मी मुद्दाम वाघाविषयी विचारले. काका गंभीर झाले. "वाघ खाणत नाय, वकीलानू. तो आपल्याच धंद्यातलो."

सोसायटीची सहल राष्ट्रीय उद्यानात गेली, तेव्हा हरणांच्या जाळीपाशी उभे राहून काका कोणता भाग कोणत्या रश्शाला योग्य हे बोटाने दाखवू लागले. तिथल्या रखवालदाराने हटकले. काकांनी त्यालाही एक मांडी देऊ केली.

अशा माणसाच्या दारापुढच्या झाडावरून खार नाहीशी होणे, हा त्याच्यावर बाका प्रसंगच म्हटला पाहिजे.

सोसायटीच्या सेक्रेटरी दळवीबाई माझ्याकडे आल्या त्या तणतणतच. त्यांच्या खिडकीच्या ग्रिलवर येऊन शेंगदाणे खाणाऱ्या खारीचे नाव त्यांनी चिंकी ठेवले होते.

"भाऊ, चिंकी गेली."

"येईल. खारीला काय हजेरीपट असतो?"

"येते कुठली! म्हाताऱ्याच्या टोपात गेली ना! दर रविवारी मागच्या गल्लीत पानं मांडून बसतो. एवढं एवढं मटण, आणि हाडं बघाल तर एवढुशी! कोंबडीची असतात का रे एवढी?" रागात त्या मला अरेतुरे करतात. "एक अर्ज वनखात्याला लिही, एक त्याच्या मालकाला. असा झणझणीत, की खोली खाली करून घेतलीच पाहिजे."

खार मारणे हा गुन्हा आहे, हे मी जाणतो. या वयात काकांना दुसरी खोली कोणी देणार नाही, हेही जाणतो. म्हणून समक्ष पाहणी केल्याविना एक अक्षरही लिहिणार नाही, असे मी बाईंना निक्षून सांगितले आणि रविवारी सकाळी मागच्या गल्लीत उपस्थित झालो.

काका उकिडवे बसले होते. पुढ्यात बदामाची पाने ओळीने मांडलेली, आणि प्रत्येक पानावर ते मांसाच्या फोडी सुरीने सारख्या करून ठेवीत होते. हाडे खरोखरच बारीक होती.

"या, वकीलानू! वेळेर इलात."

"काका, स्पष्ट विचारतो. ही चिंकी आहे का?"

"कोण चिंकी?"

"खार."

काका खोकला लागेपर्यंत हसले. "अहो, कोंबडी ती! नाक्यावरच्या दुकानातली. बारीक तोड म्हणान सांगतंय. मोठे तुकडे केले तर सगळ्यांका पुरतले कशे?"

"सगळे म्हणजे कोण?"

"ही आपली लाइन. गावात पारध झाली की घरटी वाटो. जो रानात गेलो नाय, तेकाय. आणि वाटे घालताना जो इलो, जेना बघितल्यान, तेकाय. मग भेकर असो नायतर चानी."

"चानी तुम्ही कितीदा खाल्लीत?"

काका वरमले. "एकदाच. ल्हान होतंय तेव्हा. सगळ्यांका वाटून माझ्या पानार नखाएवढी फोड इली. चव कसली कळतली? पण वाडी जेवली."

"मग आमच्या लाइनीत ही पाने कोणाकडे पोहोचत का नाहीत?"

"पयल्यांदा दारोदार गेलंय ना! सगळे इचारत, 'काका, कसलं आहे?' कोंबडी म्हटला तरी हसत आणि दार लावत. माझ्याच तोंडान घात केल्यान." काकांनी एका पानावरची फोड उगाच सरळ केली. "पण वकीलानू, त्या शिकारीच्या गजाली सोडल्यार माझ्याकडे बोलूक कोण थांबता?"

"मग या वाट्यांचे होते काय?"

"सगळे परत एका टोपात. पण वाटे घातल्याशिवाय चूल पेटवूक हात जाणा नाय."

एक पान बाजूला ठेवलेले होते. त्यावर चांगली मांडीची फोड होती.

"हा कोणाचा?"

"दळवीबायचो. ती दर रविवारी खिडकीतसून बघता. बघणाऱ्याचो वाटो बुडवूचो नसता."

मी मान उचलून दळवीबाईंच्या मागच्या खिडकीकडे पाहिले. पडदा हलला. मी ते पान उचलले आणि पुढच्या बाजूने दळवीबाईंच्या दाराशी गेलो.

"कसलं आहे?"

"कोंबडी. मी समक्ष पाहिली आहे."

"आणि मला कशाला?"

"आपण बघत होतात म्हणून. त्यांच्या गावी तसा रिवाज आहे. आपला वाटा ते दर रविवारी काढून ठेवतात."

एका हाताने बाईंनी पान घेतले. दुसऱ्या हाताने गाऊनवरची ओढणी नाकाला लावलेलीच होती. "अर्जाचं तूर्त राहू दे," एवढेच बोलून त्यांनी दार लोटले.

मी गल्लीत परतलो. काका सुरी हातात धरून तसेच बसले होते.

"घेतल्यान?"

"घेतला."

"एका हातान, की दोन हातान?"

"दोन्ही हातांनी," मी म्हणालो.

काकांनी सुरी नळाखाली धरली. ती स्वच्छ झाली, तरी ते माझ्याकडे पाठ करून बराच वेळ धूतच राहिले.