चिंचवडला जाण्याची तालीम

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमच्या हणमंततात्यांनी गावच्या पाण्याच्या टाकीवर बसून तीन वेळा दुपारचं जेवण केलं. भाकरी, पिठलं, कांदा असं सगळं फडक्यात बांधून ते शिडीने वर गेले, कठड्याला टेकून बसले, जेवले, दहा मिनिटं खाली बघत राहिले आणि हात पुसून उतरले. कारण इतकंच की त्यांची मुलगी सुवर्णा पिंपरी-चिंचवडला अकराव्या मजल्यावर राहते.

"अकरा मजलं म्हंजी किती हो, सेक्रेटरी?" असं त्यांनी मला दूध घालताना विचारलं होतं. मी पणदऱ्यात दूध संकलन केंद्रावर बसतो. लिटर आणि फॅट लिहिण्यात बावीस वर्षं गेली, त्यामुळे कुणी आकडा विचारला की मला तो दिल्याशिवाय राहवत नाही.

"मजल्याला तीन मीटर धरा. झाले तेहतीस. आपली टाकी बारा मीटर. म्हणजे पावणेतीन टाक्या."

तात्यांनी मान हलवली, रिकामा कॅन उचलला आणि निघून गेले. गावात टाकी एकच. म्हणून ते तीच तीनदा चढले. पाव टाकी जास्त होतेय हे मी नजरेस आणून दिलं, तेव्हा म्हणाले, "गच्चीवर न्हेलं तर? असू दे थोडी शिल्लक."

चौथ्या वेळेआधी ग्रामपंचायतीने शिडीला कुलूप लावलं.

तात्यांचं वय सदुसष्ट. अडीच एकर ऊस, दोन म्हशी, एक गाय. आवाज असा की कॅनॉलच्या अलीकडून बोलले तरी पलीकडचा माणूस "जरा हळू" म्हणतो. स्वभावाने सरळ, पण कुठलीही गोष्ट ते पहिल्यांदाच खरी करत नाहीत. "एकदा खोटी करून बघू, मग खरी करू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

याचं मूळ गावच्या जत्रेतल्या नाटकात आहे. विशीत असताना त्यांना शिपायाचं काम मिळालं होतं. संवाद एकच: "महाराज, शत्रू आला!" तालमीला ते गेले नाहीत, तीन शब्दांना तालीम कसली, असं तेव्हा त्यांना वाटलं. प्रयोगाच्या दिवशी धावत आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "महाराज, शत्रू गेला!" महाराज गोंधळले. लढाईचं कारणच उरलं नाही. दोन अंकांचं नाटक बावीस मिनिटांत संपलं, असं म्हातारी माणसं सांगतात. मी त्यावेळी नव्हतो, म्हणून मिनिटांची खात्री देत नाही.

तेव्हापासून त्यांनी तालमीशिवाय काही केलं नाही. दाढ काढायला जाण्याआधी आरशासमोर तोंड उघडून पाऊण तास बसले. कारखान्याला ऊस जायच्या आधी रिकामी ट्रॉली शेतातून रस्त्यापर्यंत नेऊन आणली. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मुंडावळ्या बांधून गोठ्यात उभे राहिले होते, असं शालनकाकी सांगतात. शालनकाकी म्हणजे त्यांची बायको.

एवढ्या वर्षांत तालीम न करता ते फक्त एकदाच कुठे गेले, आणि ते नेमकं चिंचवडला.

झालं असं. सुवर्णाला मुलगी झाली. शालनकाकी दोन महिन्यांसाठी म्हणून बाळाजवळ गेल्या. बारशाला तात्या घाईघाईत एस.टी.त बसले. सोबत ऊस, आणि ऊस तोडायला विळा. बारसं छान झालं. बाळाचं नाव ओवी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या खाली बागेत फिरायला गेले. तिथे कडेने गुडघ्याएवढं गवत वाढलेलं. हिरवंगार, लुसलुशीत, आणि कुणी तोंड लावलेलं नाही. तात्यांना ते बघवेना. इतक्या मोठ्या वसाहतीत एकालाही गवत कापायला वेळ नाही, लेकीच्या दारात एवढं माजू द्यायचं कसं? वर जाऊन विळा आणला आणि तासाभरात सगळं साफ केलं. दोन भारे बांधले. एक डोक्यावर, एक काखेत घेऊन लिफ्टमध्ये उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा समोरच्या बाईने किंकाळी फोडली.

ते शोभेचं गवत होतं. मी नंतर जावयांकडून माप मागून घेतलं: बावीस फूट लांब, चार फूट रुंद. अठ्ठ्याऐंशी चौरस फूट म्हणजे गुंठ्याचा बारावा हिस्साही भरत नाही. पण सोसायटीची बैठक बसली. जावयांनी मोबाइलच्या ग्रुपवर माफी लिहिली. सुवर्णा तात्यांना एवढंच म्हणाली, "बाबा, इथं काही करायच्या आधी मला विचारत जा ना." तात्या त्याच दुपारच्या गाडीने परत आले. भारे मात्र घेऊन आले.

"गवत झ्याक व्हतं," ते मला म्हणाले. "पर लेकीची मान खाली गेली."

पणदऱ्याहून चिंचवडला पोचायला साडेतीन तास लागतात. त्या गवतानंतर तात्यांना पुन्हा पोचायला बारा महिने लागले. काकींचे दोन महिनेही लांबत गेले, कारण सुवर्णा कामावर रुजू झाली आणि बाळाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. दिवाळीत काकी दोन दिवस आल्या. ते दोन्ही दिवस घर घासण्यात गेले.

आता जायचं ते पुरती तयारी करूनच, असं तात्यांनी ठरवलं. टाकी झाली. मग लिफ्ट. बारामतीत एका दवाखान्यात लिफ्ट आहे, तीन मजल्यांची. तात्या एका सकाळी तिच्यातून नऊ वेळा वर-खाली झाले. तिथल्या माणसाने विचारलं, "आजोबा, पेशंट कुठल्या मजल्यावर आहे?"

"पेशंट न्हाय. सराव चाललाय. तुमी चालू द्या तुमचं."

मग प्रवास. एका दुपारी मी त्यांच्या अंगणात गेलो. गायीच्या दुधाला फॅट कमी लागत होतं, ते सांगायचं होतं. तात्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घट्ट धरून, समोर बघत बसलेले.

"तात्या, जरा बोलायचं होतं."

"आत्ता न्हाय, सेक्रेटरी. गाडी घाटात हाय."

मी घड्याळ बघितलं. नीरा, जेजुरी, सासवड असं धरून हिशोब केला. बरोबर होतं, दिवे घाटच चालू होता. मी ओट्यावर थांबलो. वीस मिनिटांनी ते उठले, पाय झटकले आणि म्हणाले, "हडपसर आलं. बोला."

सगळ्यात अवघड गेला आवाज. फ्लॅटमध्ये हळू बोलावं लागतं, म्हणून त्यांनी गोठ्यात कुजबुजायला सुरुवात केली. म्हशीला वाटलं, कुणी परका माणूस शिरलाय. तिने पान्हा चोरला. दोन दिवस दूध निम्म्यावर आलं. तिसऱ्या दिवशी पहाटे "आगं ये भवाने!" अशी आरोळी सगळ्या आळीने ऐकली आणि संध्याकाळी माझ्या वहीत आकडा पूर्ववत झाला.

वहीवरून आठवलं. काकी गेल्या त्या दिवसापासून तात्यांचं दूध रोज पाऊण लिटर जास्त येत होतं. मी विचारलं तर म्हणाले, "जनावर खूश हाय." जनावर आपल्या मनाने पाऊण लिटर वाढवत नाही. घरात दही लागत नव्हतं, ताक होत नव्हतं, चहा एकट्याचा. मी आकडा लिहिला.

शेवटची तालीम फाटकाची. चिंचवडला फाटकावर वॉचमन वहीत लिहून घेतो. त्यासाठी माझं अंगण ठरलं आणि वॉचमन मी. माझी बायको मंगल दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. तात्या पिशवी घेऊन रस्त्यावरून आले.

"कोण पाहिजे?" मी दरडावलं.

"लई गुर्मीत बोलू नगा, सेक्रेटरी. म्हातारं माणूस हाय मी."

"वॉचमन असाच बोलतो, तात्या."

"मग बोला."

मी वही पुढे केली. नाव, गाव, फ्लॅट नंबर त्यांनी नीट लिहिलं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं: भेट. थोडं थांबून पुढे लिहिलं: काहीही कापणार नाही.

मंगल आत पळाली. मी हसू आवरलं. पण तात्या हसले नाहीत. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "तुमी हिशोबातलं माणूस. एक सांगा. माणसाला दुसरीकडं करमाया लागलं, म्हंजी हितलं सगळं इसराया किती दिस लागत्यात?"

मी म्हणालो, "याचं कोष्टक नाही, तात्या."

"न्हाय ना. म्हणून तर." आणि ते दुसऱ्यांदा फाटकाबाहेर गेले, पहिल्यापासून करायला.

ओवीचा पहिला वाढदिवस रविवारी आला. माझी जुनी गाडी आहे. म्हटलं, मीच सोडतो. धारा काढायला माझा भाऊ थांबला. तात्यांनी विळा घरी ठेवला आणि तो ठेवला हे मला तीनदा दाखवलं. धुतलेलं धोतर, नवी टोपी. वाटेत ते जेजुरीपर्यंत बोलत होते. सासवडनंतर नुसते खिशातलं पेन चाचपत राहिले. मी विचारलं, "भीती वाटतेय का?"

"पोरीची मान पुन्यांदा खाली जायला नगं. आनि सुवर्णाच्या आईला इचारायचं हाय, कधी येणार. न्हाय म्हणाली तर?"

"नाही कशाला म्हणतील?"

"तितं चोवीस तास पाणी हाय," तात्या म्हणाले.

साडेदहाला पोचलो. मोठं फाटक, शेजारी वॉचमनची खोली, रस्त्यापलीकडे चहाची टपरी. मी गाडी थांबवली. वॉचमन पुढे आला. तात्या ताठ बसले, खिशातून पेन काढलं. वॉचमनने आत वाकून बघितलं आणि तोंडभर हसला.

"काय बाबा, आज गाडीनं? आज तरी आत जाणार, का नेहमीसारखं टपरीवर?"

मी तात्यांकडे बघितलं. तात्या पेनाच्या टोपणाकडे बघत होते.

"नेहमीसारखं म्हणजे?" मी विचारलं.

"चार वेळा आले की. गुरुवारी. तिथं बाकड्यावर बसतात, दोन चहा घेतात, बागेकडं बघतात, अर्ध्या तासानं जातात. मी म्हटलं, कुणाला भेटायचंय, फोन लावतो. तर म्हणाले, आत्ता न्हाय, सराव चाललाय."

गुरुवारी बारामतीचा बाजार असतो. त्या चारही गुरुवारी तात्या मला बाजारला जातो म्हणून सांगून गेले होते आणि संध्याकाळच्या दुधाला वेळेवर हजर होते. येऊन-जाऊन सात तास, कशासाठी, तर अर्धा तास टपरीवर बसण्यासाठी.

"तात्या," मी म्हणालो, "इथपर्यंत येऊन आत का नाही गेलात?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज आपोआप लहान झाला. "करमतंय का ते बघत व्हतो. ती पोरीला घेऊन हितं बागेत बसती. पोरीशी लई हसती. अंगानं बी सुधारलीया. म्हटलं, बरं चाललंय. कशाला मधीच हुभं ऱ्हायचं."

तेवढ्यात फाटकाच्या आतून शालनकाकी आल्या. कडेवर ओवी, डोक्यावरून पदर. वॉचमनने फोन लावला नव्हता. त्या थेट गाडीपाशी आल्या, खिडकीतून आत वाकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उतरताय, का आज गाडीतूनच बघणार?"

तात्यांनी दार उघडलं. आधी उलट्या बाजूला ढकललं, मग सुलट्या.

"तुला म्हाईत व्हतं?"

"एवढी मोठी पांढरी टोपी घालून समोर बसायचं, आनि म्हाईत न्हाय व्हय? पयल्या गुरुवारीच बघितलं."

"मग हाक न्हाय मारायची?"

"हाक मारली असती तर आल्या वाटंनं पळाला असता. मला म्हाईत न्हाय का तुमचं?" काकींनी ओवीला त्यांच्या हातात दिलं. ओवीने टोपी ओढली. "आनि सेक्रेटरी, ह्यांना सांगा. ह्या म्हैन्यापासून पोरगी पाळणाघरात जाणार हाय. मी सुवर्णाला मागंच सांगितलंय. माझी पिशवी भरून ठिवलीया. न्यायला कोण आलं म्हंजी निघायचं, एवढंच राहिलं व्हतं."

तात्या नातीला दोन्ही हातांनी, भरलेला कॅन धरावा तसे धरून उभे होते. मग म्हणाले, "बाकावर बसायचीस ना तू. पयल्या येळंला झाडाखाली व्हतीस. मग दुसऱ्यावर का बसाया लागलीस?"

"झाडाच्या बुंध्यानं पोरीचं तोंड झाकत व्हतं. तुमाला दिसलं पायजे ना."

ते दोघे लिफ्टकडे गेले. मी गाडी लावताना ते दोन्ही बाक बघून घेतले. झाडाखालचा सावलीत होता. दुसरा बरोबर टपरीसमोर, भर उन्हात होता.