मास्तरांची पट्टी

थांबा. बस चुकली तरी चालेल, पण हे आत्ताच्या आत्ता सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्या बबन मास्तरांबद्दल आहे.

मास्तर माणसांना नावानं हाक मारत नाहीत, पट्टीनं मारतात. पेटीच्या ज्या पट्टीवर तुमचा सा आरामात बसतो, ती पट्टी म्हणजे तुम्ही. मी पांढरी पाच. आमच्या तळवड्याच्या आयटी पार्कच्या गेटवरचे वॉचमनकाका पांढरी दोन. सकाळचा भाजीवाला गात नाही, नुसता ओरडतो, तरी तो काळी तीन.

यावरून एकदा भलताच प्रकार झाला. निगडीच्या जोशीकाकू पहिल्यांदाच मास्तरांच्या गाण्याच्या क्लासला आल्या. मास्तरांनी त्यांचा सूर तपासला आणि भर वर्गात म्हणाले, "काळी चार, पुढं या." काकू सावळ्या, त्यात त्या दिवशी साडीही काळी. पर्स उचलून दारापर्यंत गेल्या. काय चुकलं ते मास्तरांना कळेचना. ते कळवळून म्हणाले, "बरं, पांढरी म्हनतो. पर सूर खाली जाईल तुमचा." काकूंना हसू आलं म्हणून क्लास वाचला.

मास्तर मूळचे तळवड्याचेच. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायला होते, तिथून रिटायर झाले. कंपनी सुटली, क्वालिटी सुटली नाही. "सा म्हंजे मापाचा गेज हाय. बसला तर बसला, न्हाई तर रिजेक्ट." कोणी बेसूर झालं की त्याला कोपऱ्यात रीवर्कला, म्हणजे पुन्हा घोटायला पाठवतात. देवळाच्या हॉलमधला हा क्लास फुकट आहे आणि बॅचेस शिफ्टप्रमाणे आहेत. नाइट शिफ्टवाले सकाळी थेट कंपनीतून येतात. एकदा त्यातला एक जण आलापात बसल्या बसल्या झोपला. आम्ही उठवायला गेलो तर मास्तरांनी हातानं थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. सुरात घोरतोय."

शिवाय बारसं असो, दहावा असो, कुणाचा निरोप समारंभ असो, मास्तर स्कूटरवर पुढे पेटी ठेवून हजर. देहूरोडच्या भजनापासून आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवापर्यंत सगळ्यांना साथ यांचीच. पण स्वतः गात नाहीत. कोरसमध्ये मागं काहीतरी पुटपुटतात, तेही समोरच्याच्या पट्टीत. मास्तरांची पट्टी कोणती असेल यावर आमच्या पैजा लागायच्या. क्लासमधला शिंदेदादा छातीठोकपणे काळी दोन सांगायचा. मी विचारून विचारून दमले. उत्तर एकच, "पेटीवाल्याला पट्टी नसती, पोरी. फुडच्याची ती आपली."

तर परवा रविवारी क्लासचा कार्यक्रम होता. शेवटी शिंदेदादाचा अभंग. ऐन वेळी त्याचा फोन आला. कंपनीत लाइन बंद पडलेली, साहेबानं ओव्हरटाइमला थांबवलेलं. हॉल भरलेला. जोशीकाकू म्हणाल्या की आता मास्तरांनीच गायचं, आणि आम्ही सगळ्यांनी तेच लावून धरलं. मास्तर आधी हसले, मग चिडले, मग त्यांना वाटलं सुटका मिळाली. "आन् पेटी कोन वाजवनार?"

मी जाऊन पेटीमागे बसले, थोडीफार वाजवता येते मला. म्हटलं, "पट्टी सांगा, मास्तर."

मास्तरांनी रुमाल काढून पट्ट्या पुसल्या. स्वच्छच होत्या. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "ठावं न्हाई, पोरी. कुनी इचारलीच न्हाई कधी."

मला वाटलं गंमत करतायत. नव्हते करत.

मग नवीन माणूस आला की ते जे करतात तेच मी केलं. पांढरी एक दाबली आणि म्हटलं, "आ करा." पहिल्या दिवशी आलेल्या विद्यार्थ्यासारखा मास्तरांनी आ केला. थोडं खाली वाटलं. शेजारची काळी एक दाबली. बसला सा. बारीक, खरखरीत, थरथरता आवाज. मास्तरांनी तो स्वतःच ऐकला आणि थांबले. "रिजेक्ट," म्हणाले आणि खांबाआड निघाले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून जोशीकाकूंचा आवाज आला.

"काळी एक, पुढे या."

आले. अख्खा अभंग गायले. मधे माझी बोटं दोनदा भलतीकडे गेली, पण कोणीच मला रीवर्कला पाठवलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर मास्तर पेटी बंद करायला बसले. एक पट्टी दाबून विचारलं, "काळी एक. व्हय ना?"

म्हटलं, "हो मास्तर, काळी एक."

आपल्याच घराचा पत्ता पहिल्यांदा नीट ऐकून घ्यावा तशी त्यांनी मान हलवली आणि स्कूटरवर पेटी ठेवून गेले. संध्याकाळी एका बारशाला जायचं होतं.

तुमच्याकडे झालंय का हो असं कधी? रोज समोर असलेल्या माणसाला तुम्ही सहज काहीतरी विचारलंत, आणि कळलं की ते त्याला आजवर कुणी विचारलेलंच नव्हतं? कोण होतं ते? सांगा ना.