पालीच्या पायाचा गोंद

साळवेकाका माणसाला नमस्कार करत नाहीत, प्रश्न विचारतात. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी मी जिना उतरू लागलो की ते पहिल्या मजल्यावर उभे असायचे. "साहेब, अडवत नाही. फक्त एवढंच सांगा, पाल छतावरून पडत का नाही?"

"अडवत नाही" म्हणताना त्यांचा हात कठड्यावर आडवा असायचा.

मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. ड्रममधले नमुने तपासतो आणि सही करतो, बस. पण बिल्डिंगमध्ये 'लॅब' हा शब्द पोचला आणि मी सायंटिस्ट झालो. हा गैरसमज मी दूर केला नाही. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. त्यामुळे "माहीत नाही" एवढं साधं माझ्या तोंडून निघेना.

"तिच्या पायाला गोंद असतो," मी म्हणालो. "नैसर्गिक. फणसाच्या चिकासारखा."

"वा! सायन्स ते सायन्स," म्हणत काकांनी हात काढला.

मग ते रोजचंच झालं. काजवा चमकतो, पण भाजत का नाही? पोटात फॉस्फरस असतो. बगळा एका पायावर का उभा राहतो? दुसरा दुखत असतो. मांजर्लीला नदीकाठी एका पायावर उभी असलेली बगळ्यांची अख्खी रांग मी स्वतः पाहिली होती, तरी हे उत्तर दिलं. पुढे पुढे तर मी निघण्याआधी बायकोला जिन्यात वाकून बघायला लावायचो.

"गेले का?"

"उभे आहेत. जा, मारा एक थाप. त्यांच्या घरात काय चाललंय, आणि तुमचं काय चाललंय!"

त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मलाही माहीत होतं. काकूंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, जीभ अडखळू लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना बोलतं ठेवा, गप्प राहिल्या तर आहेत ते शब्दही जातील. पूर्वी पाण्याच्या टँकरवर साऱ्या बिल्डिंगशी भांडून जिंकणारी ही बाई आता 'हं' आणि 'नको'वर आली होती. मुलगी सासरी, घरात दोघंच. हे सगळं ठाऊक असूनही काकांचे प्रश्न मला रिटायर माणसाचा चाळा वाटले.

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये काकांनी पालीचा गोंद माझ्या नावासकट सगळ्यांना सांगितला. कॉलेजात जाणारी एक मुलगी खुदकन हसली.

"हसतेस काय? साहेब लॅबमध्ये असतात!" काका तिच्यावर खेकसले.

माझे कान तापले. त्या रविवारी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत बसून मी खरी उत्तरं शोधली, प्रिंट काढली आणि काकांचं दार वाजवलं.

काकू खिडकीशी कॉटवर बसल्या होत्या. काकांनी चहा टाकला. मी वाचून दाखवलं की पालीच्या बोटांवर अतिशय बारीक केस असतात, ते भिंतीला इतके लगटतात की नुसत्या त्या ओढीनं ती टिकून राहते. गोंद वगैरे काही नसतो.

"हं," काकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

काकांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "साहेब, हे कशाला आणलंत?"

"म्हणजे?"

"खरं उत्तर दिलं की ती 'हं' म्हणते आणि विषय खतम. तुमच्या थापेवर भांडते हो! गोंद सांगितला तेव्हा म्हणाली, मग भिंतीवर डाग का नाय पडत? बगळ्याला म्हणाली, सगळ्यांचा पाय एकदम कसा दुखतो? त्या गोंदाच्या दिवशी झटक्यानंतर पहिल्यांदाच एवढं बोलली. तेव्हापासून मी रोज जिन्यात उभा राहतो."

"म्हणजे तुम्हाला कळत होतं?"

"थाप मारताना तुम्ही वर बघता, साहेब. चला, बाहेर जाऊन एखादी द्या."

मी कॉटपाशी येऊन उभा राहिलो. वर बघितलं. काही सुचेना. काकू माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मान खाली घालून म्हणालो, "काकू, मला यातलं काहीच येत नव्हतं. मोठेपणासाठी फेकत होतो. तुम्ही आजारी, आणि मी..."

काकूंचा डावा हात उचलला गेला. "ला...ज," त्या म्हणाल्या. दम घेतला. "लाज नाय वाटत? एवढा... शिकलेला माणूस. माझा नवरा... गावभर सांगतो. साहेब म्हणतो. आणि तू... खोटं..." शब्द अडत होते, वाकडे होत होते, पण त्या थांबेनात. टँकरवरचा तोच आवाज, फक्त सावकाश.

मी एकेक शब्द ऐकून घेतला. ओशाळून स्वयंपाकघराकडे पाहिलं, तर काका हातात गाळणं घेऊन दारात उभे होते. त्यांच्या मागे चहा उतू जाऊन गॅसवर चरचरत होता, आणि तो बंद करायला ते जागचे हलत नव्हते.