मुकुंदाच्या साच्यात सौ. नाही

आमच्या शेजारचा मुकुंदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुणी बोट टेकवलं की असा ओरडतो, जणू तापलेल्या दुधात कुणी खरकटा हात घातला. "पानाला हात लावायचा नाही! काय हवं ते यादीत सांगा!" भोरात लग्नाच्या वेबसाइट तोच बनवतो, म्हणून सगळे ऐकून घेतात.

त्याचं काम मला त्यानंच समजावलं, तेही रागावूनच. "काकू, तुम्ही तांदूळ निवडता ना? तशी मी आधी नावं निवडतो. खडे काढतो. मग साच्यात ओततो, पान आपोआप तयार. त्यावर हातानं काही खरडलंत, तर पुढच्या वेळी साचा फिरला की ते पुसलं जाणार!"

माझ्या नातीचं लग्न ठरलं. पान झालं, सोयऱ्यांना पाठवलं, आणि हिर्डोशीहून नवऱ्यामुलाचे मामा थेट दारात. "आमच्या एका बी सवाशिणीच्या नावाम्होरं सौ. न्हाई! आमच्या बायका काय वाऱ्यावं पडल्यात व्हय?"

त्यांना घेऊन मी मुकुंदाकडे गेले. "अरे, यादीत मी सौ. लिहिलं होतं. गेलं कुठं?"

"खडे काढले."

"सौ. म्हंजी खडा?" मामांचा आवाज चढला. "हातानं घाला की मग! एका अक्षराचं तर काम."

"साच्यात ती जागाच नाही. ठेवणारही नाही."

"मग घाला त्यो साचा चुलीत! आमच्यातलं एक माणूस मांडवात यायचं न्हाई." मामा तरातरा एसटी स्टँडकडे निघाले.

माझं डोकंच फिरलं. "मुकुंदा, तुझ्या हट्टापायी नातीचं लग्न मोडतोस का रे?"

तो माझ्यावर ओरडला. "यादी तुमचीच ना? आळीतल्या निमंत्रक बायका वाचा. मोठ्यानं!"

वाचल्या. अकरा नावं.

"आमची ताई कुठाय?"

वत्सला त्याची थोरली बहीण. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा वेल्ह्याचं सासर सोडून आली, ती इथंच आहे. आळीतल्या प्रत्येक मुलीचं रुखवत तिच्या हातचं. माझ्या नातीचंही तिच्याच ओट्यावर चाललेलं. पण पत्रिकेत नाव? एकाही नाही. सौ. लिहावं तर संसार नाही, श्रीमती लिहावं तर नवरा जिवंत. मला विधवेला निदान श्रीमती तरी मिळतं. त्या घोळात मीही तिला सोडून दिलं होतं.

"उघड यादी," मी म्हटलं. एका बोटानं वत्सलाचं नाव घातलं आणि मामांना फोन लावला. "मामा, पान असंच राहणार. माझ्याही नावापुढं काही नाही, बघितलंत? आणि लग्नाला यायचं. नाहीतर हिर्डोशीला येऊन ओढत आणीन!"

"आजी, तुमी लई तापट," मामा पुटपुटले. "येतो. पर आमच्या मंडळींना तुमीच सांगायचं."

साचा फिरला. पान नव्यानं आलं. अकरा नावांखाली बारावं, बाकीच्यांसारखंच, त्याच अक्षरांत. मुकुंदानं एकदा ओट्याकडे बघितलं. मग माझ्यादेखत त्यानं पडद्यावर, त्या नावावर, हळूच बोट ठेवलं.