देल्फीनाच्या नवसाची तसबीर

तसबीर रंगवून घरी आली, तेव्हा आपण किती मोठी थाप मारली आहे ते ओरेस्तेला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

चांगली हातभर रुंद लाकडी फळी होती. निळ्या आभाळाखाली काळाकभिन्न कडा, कड्याच्या टोकाला एका हाताने लोंबकळणारा ओरेस्ते आणि वरच्या कोपऱ्यात ढगातून खाली पाहणारी मारियामाता. त्याच्या दुसऱ्या हातात एक कोकरू होतं.

"हे कोकरू कुठून आलं?"

"चितारी म्हणाला, तो हात रिकामाच होता," देल्फीना म्हणाली. "छान दिसतंय. असू दे."

ओरेस्ते एकेचाळीस वर्षं डोंगरातला वाटाड्या होता. शहरातल्या शेकडो लोकांना त्याने दोरीला बांधून शिखरांवर नेलं आणि धड खाली आणलं. साधा पाय मुरगळल्याचीही त्याच्या नावावर नोंद नव्हती. निवृत्त झाल्यावर गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी तो वरच्या कुरणातून चीज घेऊन निघाला, आणि टेबलासारख्या सपाट जागी, गाईच्या ताज्या शेणावर त्याचा पाय घसरला. डोकं गुरांच्या दगडी टाकीवर आपटलं. दूधगाडीवाला तुल्लियो त्याला उचलून गाडीत घालून घेऊन गेला. पुढचे दोन दिवस ओरेस्ते शहरातल्या इस्पितळात बेशुद्ध होता.

शुद्धीवर आला तेव्हा उशाशी देल्फीना होती, रडून डोळे सुजलेली. पायथ्याशी त्याचे चार जुने सोबती टोप्या हातात धरून उभे होते. सगळे वाटाडे.

"कसं झालं रे?" एकाने विचारलं.

त्या चौघांकडे बघत 'शेण' हा शब्द काही ओरेस्तेच्या तोंडून निघेना.

"बोकेताच्या कड्यावर," तो म्हणाला. "दगड निसटला."

"आणि तिथून कुरणापर्यंत तू सरपटत आलास?"

ओरेस्तेने डोळे मिटून घेतले. लोकांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. तुल्लियो मुळात अबोल माणूस. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्याने काही सांगितलं नाही.

त्या दोन दिवसांत देल्फीनाने नवस बोलला होता. नवऱ्याला डोळे उघडू दे, पाच ऑगस्टच्या सणाला कोरफालच्या देवालयात पायी येईन, प्रसंगाची तसबीर भिंतीवर लावीन आणि निघाल्यापासून ती लागेपर्यंत शब्द बोलणार नाही. कोरफालच्या भिंती तीनशे वर्षांच्या अशा तसबिरींनी भरल्या होत्या. कुणी हिमलोटातून वाचलेला, कुणी विजेतून, कुणी बैलाच्या शिंगांवरून. ओरेस्तेचे आजोबाही तिथे होते, अंगावर पडलेल्या झाडासकट. सोबत्यांना थाप मारणं वेगळं. पण ती रंगवून, चौकटीत बसवून, आजोबांच्या शेजारी, मातेच्या डोळ्यांसमोर कायमची टांगायची?

त्याने देल्फीनाला सांगायचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तिने हातातलं काम बाजूला ठेवून इतक्या मायेने त्याच्याकडे पाहिलं, की त्याने काहीतरी भलतंच विचारलं. शेवटी त्याने ठरवलं, तसबीर वाटेत हरवायची. हरवलेल्या तसबिरीचा दोष मातेकडून कुणाला लागत नाही. तिच्याऐवजी मोठी मेणबत्ती लावू.

पाच तारखेला उजाडताच दोघं निघाली. नवसाप्रमाणे देल्फीना मुकी, जपमाळेत बोटं घालून दहा पावलं पुढे, मागे न बघता. चादरीत गुंडाळलेली तसबीर पाठीला बांधून ओरेस्ते मागे. एवढी सोयीची बायको मिळूनही हे जमलं नाही, तर मग काय अर्थ आहे, असं त्याला वाटलं.

देवदारांच्या जंगलात एक लहानशी प्रार्थनेची जागा आहे, तिच्यापुढे बाक. ओरेस्तेने तसबीर बाकामागे टेकवली आणि दोन्ही हात हलवत हलका होऊन पुढे चालू लागला. अर्ध्या तासाने मागून हाका आल्या.

"आजोबा! ओ आजोबा!"

बेर्गामो शहरातलं एक तरुण जोडपं धापा टाकत येत होतं. तसबीर पोराच्या डोक्यावर होती.

"विसरलात हो! आम्ही जरा उघडून पाहिली, माफ करा," मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "हे तुम्हीच ना?"

"मीच."

"आणि ते कोकरू? वाचलं ना ते?"

"वाचलं," ओरेस्ते हताश होऊन म्हणाला. "मोठं झालं आता."

मुलीने त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला. मग ते जोडपं झपाझप पुढे निघून गेलं. ती गोष्ट देवालयापर्यंत त्यांच्या पायांनी पोचणार हे ओरेस्तेला कळून चुकलं.

झाडं संपली की रानबोकडांसाठी राखलेला डोंगर लागतो. तिथे वाटेला लागून लाल फुलांची दाट झुडपं होती. ओरेस्तेने इकडे तिकडे पाहिलं, गुडघ्यांवर बसला आणि तसबीर झुडपाखाली आत सारली. वरून शिट्टी वाजली.

रक्षक नोर्मा गळ्यातली दुर्बीण सावरत उतरत आली. जुन्या सोबत्याची ही मुलगी.

"ओरेस्ते काका? तुम्ही? लहानपणी मला इथलं फूल तोडू दिलं नव्हतंत, आणि आज स्वतः सामान फेकताय?"

"फेकत नव्हतो गं. जरा ठेवलं होतं. पाठ दुखतेय."

"मग तसं सांगायचं ना! आणा इकडे."

तिने तसबीर आपल्या पाठीवर घेतली आणि थेट बोकेताच्या खिंडीपर्यंत त्याला सोबत केली. वाटभर बोलत होती.

"शाळेतली पोरं घेऊन येते ना मी, त्यांना तुमचीच गोष्ट सांगते. म्हणते, ओरेस्ते काकांसारख्या माणसाचा पाय घसरू शकतो, तर तुमचं काय! आणि हे बघा, पाहिलीत का? जूनमध्येच लावली."

कड्याच्या कडेने नवीकोरी लोखंडी साखळी ठोकली होती. ऐंशी पावलं लांब.

"तुमच्या अपघातामुळेच मंजूर झाली. सगळे 'ओरेस्तेची साखळी' म्हणतात."

ओरेस्तेने साखळीला हात लावला. चांगली पक्की होती.

तसबीर त्याच्या स्वाधीन करून नोर्मा परत फिरली. देल्फीना पलीकडच्या नागमोडी वाटेने उतरू लागली होती. खाली, खूप खाली, तळ्याकाठी देवालय आणि अंगणात जमलेली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. ओरेस्तेने चादर सोडली.

"माते, राग मानू नकोस," तो पुटपुटला. "खोटं टांगण्यापेक्षा हे बरं."

आणि त्याने तसबीर खिंडीतून सोडून दिली.

ती फुटायला हवी होती. पण उन्हाळ्यातही न वितळलेल्या बर्फाच्या पट्ट्यावर ती पाठीवर पडली, चित्र वर. क्षणभर थांबली. मग घसरायला लागली. एक खडक डावीकडे सोडला, दुसरा उजवीकडे, आणि बर्फ संपल्यावर ओल्या गवतावरून तशीच पुढे गेली, आयुष्यभर तोच धंदा केल्यासारखी. वरून आवाज येत नव्हता. ओरेस्तेला एवढंच दिसलं, की अंगणातल्या मुंग्या पांगल्या, मग गोळा झाल्या, मग एकदम बुटक्या झाल्या. सगळे गुडघ्यांवर बसले होते. घंटा वाजू लागली.

उतरायला पाऊण तास लागला. एवढी लांब उतरण त्याने जन्मात पाहिली नव्हती. अंगणात गर्दीने त्याला वाट करून दिली. तसबीर देवालयाच्या पायरीला टेकून उभी होती.

"एक ओरखडा नाही!" कुणीतरी म्हणालं. "मातेने हाताला धरून आणलीय."

"आणि कोकरूसुद्धा जिवंत आहे," बेर्गामोची मुलगी शेजारच्यांना सांगत होती.

देल्फीनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण नवस सांभाळून ती गप्प उभी होती. ते ओरेस्तेला सोसवेना. तो सरळ फादर प्लाचिदोंच्या खोलीत शिरला. म्हातारे धर्मगुरू मिस्सेचे, म्हणजे सणाच्या प्रार्थनेचे, कपडे चढवत होते.

"फादर, ती तसबीर लावू नका. मी कड्यावरून पडलोच नाही."

"मग कशावरून पडलास?"

"शेणावरून."

फादर प्लाचिदोंचा हात बाहीत अडकून राहिला.

"गाईच्या," ओरेस्ते म्हणाला.

धर्मगुरूंना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली. रुमाल खिशात ठेवला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा गंभीर होता.

"मातेला हे ठाऊकच आहे. तिला सांगायला एवढं चढून यायची गरज नव्हती. देल्फीनाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मी मिस्सा दहा मिनिटं उशिरा सुरू करतो. जा."

तळ्याकाठच्या दगडावर ओरेस्तेने बायकोला सगळं सांगितलं. टाकी, तुल्लियो, चौघे सोबती, बाक, झुडूप, खिंड. तिला मधे बोलता येत नव्हतं म्हणून तो शेवटपर्यंत पोचला. मग देल्फीनाने नवस मोडला.

"शेण?"

"हो."

"सपाट कुरणात?"

"अगदी सपाट."

ती हसेल असं त्याला वाटलं होतं. किंवा ओरडेल. ती हळूच खाली बसली.

"दहा महिने झाले, ओरेस्ते. डोळा लागला, की तू त्या कड्यावर लोंबकळतोस. मी हात देते आणि तुझी बोटं सुटतात. मग उठून बसते आणि तुझा श्वास चालू आहे का ते बघते. रोज. तू शेण म्हणाला असतास, तर मी झोपले असते रे."

ओरेस्तेला यातलं काही माहीत नव्हतं. तो रोज गाढ झोपत होता.

"मला सांगितलंस तसं आता सगळ्यांना सांग," ती म्हणाली आणि आत गेली.

मिस्सा संपल्यावर ओरेस्ते वेदीजवळ उभा राहिला. हातातली टोपी पिळत त्याने सांगितलं. साफ, सरळ, काही न वगळता. मग पहिल्या रांगेतला म्हातारा एत्तोरे उठला. इस्पितळातला प्रश्न यानेच विचारला होता.

"या माणसाबरोबर तीस वर्षं एका दोरीला बांधून चढलोय," तो म्हणाला. "पण आजच्यासारखा तो कधी दिसला नाही. देवासमोर स्वतःचा मोठेपणासुद्धा नको म्हणतो!"

"अरे एत्तोरे, खरंच शेण होतं!"

"किती हा नम्रपणा," बेर्गामोची मुलगी रडत म्हणाली.

"ओलं शेण! तुल्लियोला विचारा!"

लोकांनी तुल्लियोकडे पाहिलं. तुल्लियो सगळ्या डोळ्यांखाली लालबुंद झाला. "होतं," तो म्हणाला. मित्राची इच्छा राखायला बिचारा खोटंही बोलायला तयार आहे, हे पाहून आणखी दोघींनी डोळ्यांना रुमाल लावले. ओरेस्ते जितका जीव तोडून सांगत होता, तितक्या माना खाली जात होत्या. फादर प्लाचिदो छताकडे बघत राहिले. कुणीतरी हातोडी आणि खिळा आणला, आणि तसबीर आजोबांच्या शेजारी लागलीसुद्धा.

ओरेस्ते बायकोच्या बाकाशी आला.

"देल्फीना, बघ ना, कुणी विश्वासच ठेवत नाही. आता मी काय करू?"

तिचं डोकं खांबाला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं. जपमाळ मांडीवर घरंगळली होती. ती झोपली होती.

तो आवाज न करता शेजारी बसला. काही वेळाने तिचं डोकं खांबावरून सरकलं आणि त्याच्या खांद्यावर आलं. बाहेर अंगणात मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढायला सुरुवात झाली होती, तुपाचा वास आत येत होता. एत्तोरे दोन ताटल्या घेऊन दारात आला. ओरेस्तेने मान हलवली. जरा वेळाने फादर प्लाचिदो दार लावायला किल्ली घेऊन आले. ओरेस्तेने ओठांवर बोट ठेवलं. धर्मगुरूंनी दोघांकडे पाहिलं, किल्ली खुळखुळू नये म्हणून मुठीत घट्ट धरली आणि चवड्यांवर चालत निघून गेले.

ओरेस्तेचा हात बधिर झाला, मग त्याला मुंग्या आल्या, मग तो हात आहे हेही कळेनासं झालं. भूकही मरून गेली. ती घोरायला लागली होती. तो हलला नाही.