रखमाजीची साफ वेल

पिंपळगाव रेणुकाईत कुणाच्याही वावरात तण दिसलं की रखमाजीचे हात शिवशिवायचे. म्हणूनच जंगल खात्याच्या साहेबांनी ओढ्याकाठच्या झाडीतली सापसंदीची वेल त्याच्या हवाली केली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. लाल पोटाचं एक काळं फुलपाखरू या मुलखातून नाहीसं होत चाललं होतं आणि ते याच वेलीवर अंडी घालतं, असं साहेबांचं म्हणणं होतं.

"दसऱ्याला येईन," साहेबांनी बजावलं. "फुलपाखरं दिसली तर ही झाडी राखीव. नाही तर कोळशाच्या भट्टीसाठी लिलाव होणार."

झाडी गेली की गावाची सावली आणि सरपण दोन्ही जाणार होतं. रखमाजीनं वेलीला काटेरी कुंपण घातलं आणि पाऊस उघडला की घागरीनं पाणी घातलं. श्रावणात पाहतो तर पानांना भोकं! पान उलटलं, तर खाली काळ्या-तांबड्या काटेरी अळ्या.

"द्वारके, वेल खाऊन राह्यल्या ना या!"

"मंग साहेबाला इचारा की," बायको म्हणाली.

"साहेब हैदराबादचा मानूस. अळीतलं त्याला काय कळतंय?"

तीस वर्षं कपाशी पिकवलेल्या माणसाला अळीबद्दल कोण शिकवणार? रोज सकाळी तो टोपलीभर अळ्या वेचू लागला. कोंबडीपुढं टाकल्या, तर तिनं एक चोचीत धरून थुंकली आणि पुढं रखमाजीच्या हातचा दाणाही खाईना. चिरडायला गेला, तर द्वारकाबाई आडवी आली. "श्रावन हाय. जीव मारायचा न्हाई."

मग रखमाजी टोपली कुंपणापलीकडं रिकामी करू लागला. तिथं पाशामियाँचं पडीक होतं. त्यात तीच वेल झुडपांवर माजली होती आणि पाशामियाँ लिंबाखाली खाटेवर पडून असायचा.

"पाशाभाई, थोडं साफ करा की."

"करू की. जल्दी काय हाय?"

दसऱ्याला सारा गाव जमला. रखमाजी धुतलेलं धोतर नेसून उभा होता. वेलीचं पान न् पान अखंड होतं, फुलपाखरू मात्र एकही नव्हतं. साहेबांनी पानं उलटून पाहिली.

"अळ्या कुठं आहेत?"

"एक बी ठिवली न्हाई, साहेब."

साहेब मटकन खाली बसले. "अहो, त्याच अळ्यांची फुलपाखरं होतात."

साऱ्या गावाची सावली आपण रोज टोपलीत घालून फेकली, हे रखमाजीला कळून चुकलं. "साहेब," तो कसाबसा म्हणाला, "कुंपन वेलीला न्हाई, मला घालायला पायजे व्हतं."

इतक्यात कुंपणापलीकडून एक काळं फुलपाखरू आलं. मागोमाग दुसरं, तिसरं. साहेब काटे ओलांडून धावले. पाशामियाँ घाबरून खाटेवर उठून बसला.

"मी काई केलं न्हाई, साहेब. बिलकुल न्हाई."

"तेच बराबर केलंत," साहेब म्हणाले. झाडी राखीव झाली आणि पाशामियाँ राखणदार. रखमाजीला साहेबांनी त्याच्या हाताखाली शिकायला ठेवलं. गाव हसला, पण झाडी वाचली म्हणून रखमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्या सकाळी तो खाटेच्या कडेला येऊन बसला. समोरच्या पानावर एक गुबगुबीत अळी आरामात चरत होती. रखमाजीचा हात आपोआप पुढं गेला.

"रखमाजी," पाशामियाँ डोळे न उघडता म्हणाला, "हात मांडीखाली घ्या."

रखमाजीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि नोकरीला सुरुवात केली.